‘मी ठीक आहे’ म्हणू नकोस

सातारा,
१४ जून

चि. बाळूस,

काल रात्री वहिनीचा, म्हणजे तुझ्या आईचा, फोन आला होता. डायलिसिसहून आलास की तू खोलीचं दार लावून घेतोस, जेवायला हाक मारली तर ‘भूक नाही’ आणि काही विचारलं तर ‘मी ठीक आहे’, एवढंच बोलतोस म्हणे. बाळू, हे ‘मी ठीक आहे’ मीसुद्धा दोन वर्षं म्हटलं आहे. म्हणून लिहायला बसले.

मला मशीनवर यंदा नववं वर्ष. सुरुवातीला सारखं रडू यायचं आणि मला वाटायचं, आपलंच मन कच्चं. तेव्हा माझं हिमोग्लोबिन सातवर आलं होतं. जिना चढताना धाप लागायची, अंगाला खाज सुटायची, रात्री पायांत गोळे येऊन झोप मोडायची. अशा अंगात मन कुठून ताजं राहणार? एरिथ्रोपोएटिनची इंजेक्शनं आणि लोह सुरू झालं तशी बरीचशी मरगळ उतरली. तेव्हा आधी तुझे रिपोर्ट नीट दाखव. सगळा दोष स्वतःच्या स्वभावाला देऊ नकोस.

पण सगळी उदासी रक्तातली नसते. दुसऱ्या वर्षीच्या मे महिन्यात मी दोन दिवस वाटेल तेवढं पाणी प्यायले. एरवी सकाळी बाटली भरून ठेवायची आणि दिवस त्यातच काढायचा, हे मला पाठ होतं. तरी प्यायले. विसरून नव्हे, कंटाळून. डायलिसिसच्या दिवशी वजन केलं तर ड्राय वेटपेक्षा, म्हणजे अंगात जास्तीचं पाणी नसतानाच्या वजनापेक्षा, चार किलो जास्त. आता बोलणी खावी लागणार असं वाटलं. पण सुया लावणारा मुलगा हळूच म्हणाला, “ताई, पाणी जास्त झालंय ते दिसतंय. पण झालंय काय?” त्या दिवशीच्या चार तासांतला निम्मा वेळ मी रडत होते. त्यानं डॉक्टरांना सांगितलं, त्यांनी मला मानसोपचारतज्ज्ञांकडे पाठवलं. आजही मी त्यांच्याकडे अधूनमधून जाते. तूही जा. फक्त डायलिसिस चालू आहे हे त्यांना आधी सांग, कारण काही गोळ्यांचा डोस किडनी पाहूनच ठरवावा लागतो. आणि रात्री-अपरात्री फार वाईट विचार येऊ लागले तर वहिनीला उठव, नाहीतर १४४१६ ला फोन लाव. टेलिमानसची ही सेवा मोफत आहे आणि तिथे मराठीत बोलता येतं.

मला लोक जेपींचं, जयप्रकाश नारायणांचं, उदाहरण द्यायचे. १९७५ साली आणीबाणीत स्थानबद्ध असताना त्यांच्या किडन्या निकामी झाल्या. मग मुंबईला जसलोकमध्ये डायलिसिस सुरू झालं, आणि ते चालू असतानाच १९७७ च्या निवडणुकीत ते प्रचाराला बाहेर पडले. ‘बघ, असं खंबीर राहावं!’ हे ऐकलं की मला आणखीच खचल्यासारखं व्हायचं. तुला कोणी असं म्हणालं तर मनावर घेऊ नकोस. मला त्यातली वेगळीच गोष्ट पुढे उपयोगी पडली: त्यांच्या डायलिसिसच्या यंत्रासाठी लोकांनी वर्गणी काढली होती, आणि तेवढ्या मोठ्या माणसानं ती घेतली. त्यात त्यांना कमीपणा वाटला नाही.

हे लिहितेय ते वहिनीमुळे. ती किडनी द्यायला तयार आहे आणि तू तिच्यावर ओरडलास. आईला कापायला मी कसा सांगू, हे तुझं दुःख मला कळतं. पण तिच्या वतीनं ‘नाही’ म्हणायचा हक्क तुझा नाही. देणाऱ्याच्या सगळ्या तपासण्या आधी होतात. तिच्या तब्येतीला धोका दिसला तर डॉक्टरच नको म्हणतील. निदान तपासणी तरी होऊ दे. दाराबाहेर हात बांधून उभं राहणं तिला त्या ऑपरेशनपेक्षा जड जातंय.

शर्टाच्या लांब बाह्यांनी हातावरचा, डायलिसिसच्या सुया लावायचा फिस्टुला झाकत असतोस, असंही ती म्हणाली. उन्हाळ्यात झाकू नकोस रे. रोज सकाळी त्यावर बोटं ठेव, थरथर लागते ना बघ. लागली नाही तर लगेच सेंटरला फोन कर. त्या हातावर बीपी घेऊ देऊ नकोस. मी तर पाहुण्यांच्या मुलांनाही हात लावून बघू देते. त्यांना गंमत वाटते आणि माझी लाज गेली.

नोकरीचा राजीनामा लिहून ठेवला आहेस, तो इतक्यात देऊ नकोस. डायलिसिसच्या पहिल्या तीन महिन्यांत अंग या सगळ्याला सहसा सरावत नाही. साहेबांशी कामाच्या वेळेबद्दल एकदा बोल.

मंगळवारी तुझी डायलिसिसची पाळी आहे. त्या दिवशी डॉक्टर राउंडला आले की गोळ्यांबद्दल सांगतोस तसंच झोप लागत नाही, जेवावंसं वाटत नाही, हेही सांग. सांगता येत नसेल तर हे पत्र त्यांच्या हातात दे. आणि संध्याकाळी मला फोन कर, मी वाट बघते.

तुझी,
आत्या