माळ मोकळा ठेवायचा तर

जत्रांची जुनी मैदानं राखण्यासाठी आम्ही काही जणांनी एक लहानसा न्यास काढला, त्याला आता बरीच वर्षं झाली. पुणे, सातारा, सांगली या पट्ट्यातली गावं आमच्या कामात येतात. कुठे ग्रामदेवतेच्या यात्रेचा माळ, कुठे बैलगाड्यांचा घाट, कुठे जनावरांच्या बाजाराची दावण. या कामातून जे कळलं ते लिहून ठेवते.

१. मैदानावर काही न बांधणं हेच पहिलं काम.

हे देणगीदाराला पटवणं सगळ्यात अवघड जातं. देणाऱ्याला नावाची पाटी हवी असते आणि पाटी लावायला भिंत लागते. कंपनी कायदा, २०१३ च्या सातव्या अनुसूचीत ऐतिहासिक वास्तू आणि स्थळांचं जतन येतं, त्यामुळे सीएसआरच्या पैशाची वाट मोकळी आहे. पण बोलणी पुढे सरकली की विचारणा होते ती कमानीची, सभामंडपाची, पेव्हर ब्लॉकची. यात कुणाचाही हेतू वाईट नसतो. गावालाही चिखल नको असतो.

पण पेव्हर ब्लॉकमध्ये खुंटा ठोकता येत नाही. खुंटा नाही म्हणजे बैल बांधायचा कुठे? पालाची दोरी ताणायची कशाला? कुस्त्यांना तर नांगरून भुसभुशीत केलेली माती लागते. रेवड्यांवर लढणारी पोरं त्याच मातीत पहिल्यांदा पाठ टेकतात. ज्या जमिनीत पहार शिरते तीच जत्रेची जमीन, हे मी आता प्रत्येक बैठकीत सांगते. आम्ही पैसे मागतो ते मोजणीसाठी, हद्दीच्या दगडांसाठी, ओढ्यातला गाळ काढण्यासाठी आणि यात्रेनंतरच्या साफसफाईसाठी. असे पैसे हळूहळू मिळतात, पण मिळतात.

२. आधी तलाठ्याकडे जावं, मग देवळात.

हा जत्रेचा माळ आहे हे गावात शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं, पण सातबाऱ्यावर तसं लिहिलेलं असेलच असं नाही. कुठे गायरान असतं, कुठे देवस्थान इनाम वर्ग ३. कुठे चक्क एखाद्या शेतकऱ्याचं वावर असतं. त्याच्या आजोबांपासून ते घर यात्रेपुरतं रान मोकळं देत आलेलं असतं. तिन्हींची वाट वेगळी. सरकारी जमीन असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २२ कामी येतं. त्यानुसार जिल्हाधिकारी गावातली मोकळी जमीन कुरण, बाजार अशा सार्वजनिक कामांसाठी राखून ठेवू शकतात, आणि तशी राखलेली जमीन त्यांच्या मंजुरीशिवाय दुसरीकडे वळवता येत नाही. अतिक्रमणाची नोंद गावनमुना १-ई मध्ये सापडते. जगपाल सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०११ मध्ये गावच्या सामाईक जमिनींवरची अतिक्रमणं काढायला सांगितलं, तो निकाल आम्ही प्रत्येक अर्जाला जोडतो. शेतकऱ्याच्या वावरासाठी मात्र कायदा उपयोगाचा नाही. तिथे दरवर्षी त्या घरी जाऊन मानाचा नारळ द्यावा लागतो, आणि तो गावकीनेच द्यायला हवा.

३. जत्रा भरली नाही की जमीन सरकते.

मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने बैलगाडा शर्यती थांबल्या, त्या राज्यात रीतसर पुन्हा सुरू झाल्या डिसेंबर २०२१ मध्ये. मे २०२३ मध्ये घटनापीठानेही शर्यतींना परवानगी देणारा राज्याचा कायदा उचलून धरला. मधल्या वर्षांत कित्येक घाटांवर वेड्या बाभळी माजल्या आणि कडेच्या शेताचा बांध हातभर हातभर पुढे आला. बैलाला काठी, चाबूक किंवा शॉक लावण्याला माझा ठाम विरोध आहे आणि राहील. पण शर्यत बंद म्हणून घाट गेला, तर त्या घाटाभोवती बसणारं अख्खं गाव जातं. पुढे २०२० आणि २०२१ या वर्षांत कोरोनाने यात्रा बंद, २०२२ मध्ये लंपीने जनावरांचे बाजार बंद. अशा वर्षी निदान तिथीला झाडलोट व्हावी, पालखी मैदानाला फेरी घालून यावी, एवढं आम्ही गावाकडून करून घेतो. त्याचा फोटो तारखेसह जपून ठेवतो.

४. खरा नकाशा जुन्या माणसांकडे असतो.

एका गावच्या बाजारात बैलांचा धंदा केलेल्या एका आबांना आम्ही रिकाम्या माळावर घेऊन गेलो. मी विचारलं, "आबा, दावण कुठनं कुठवर असायची?" ते म्हणाले, "ताई, कागूद ठेवा बाजूला. माझ्यासंगट चाला." मग ते सांगत गेले. ओढ्याकडच्या अंगाला जनावरं, पाण्याला लांब जावं लागू नये म्हणून. घोडी बैलांपासून वेगळी. कासार चिंचेखाली, कारण बांगड्या भरायला बाया घटका घटका बसतात, त्यांना सावली हवी. गोडीशेवेच्या भट्ट्या वाऱ्याच्या खालच्या बाजूला. मधे एक लांबट पट्टा कायम रिकामा. तो कशाला, असं विचारल्यावर आबा चालत जाऊन परत आले आणि म्हणाले, "चाल बघायला." गिऱ्हाईक बैलाला वीस-तीस पावलं चालवून बघतं, मागचा खूर पुढच्या खुराच्या ठशावर पडतो का ते पाहतं, दात मोजतं. मग दोघांच्या हातांवर उपरणं पडतं आणि बोटं दाबून भाव ठरतो. तोंडातून आकडा निघत नाही. त्या पट्ट्यावर गाळे काढायचा विचार गावात चालू होता. आबांनी सांगितलेलं सगळं आम्ही मोजणीच्या नकाशावर उतरवलं आणि ग्रामसभेपुढे ठेवलं. पट्टा वाचला.

५. बारव, दीपमाळ, झाडं.

बारवेला किंवा दीपमाळेला राज्याच्या १९६० च्या प्राचीन स्मारक कायद्याखाली संरक्षण मागता येतं, मोकळ्या मातीसाठी ते मिळणं फार कठीण. म्हणून जिथे जुनी बारव आहे तिथे अर्ज तिच्यापासून सुरू करावा. चिंच, वड, लिंब तोडू देऊ नयेत. एवढंच.

६. ज्यांना गावात मत नाही त्यांनाही विचारावं.

मैदानाचा निर्णय ग्रामसभेत होतो. पण मैदान वापरणारी निम्मी माणसं त्या गावची नसतात. आकाशपाळणेवाले, घिसाडी, खेळणीवाले, तमाशाचे फड. पाडव्याच्या सुमारास नारायणगावला फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे कारभारी तिथे येऊन सुपाऱ्या देतात. त्या सुपारीमागे तंबू ठोकायला जागा आहे हे गृहीत असतं. जेजुरीला पौष पौर्णिमेला गाढवांचा बाजार भरतो. काठेवाडी जनावरं येतात, दुवान की चौवान हे दातांवरून ठरतं, आणि लांबलांबून आलेली वडार, कैकाडी, बेलदार मंडळी वर्षातून एकदा तिथे एकमेकांना भेटतात. सोयरिकी जुळतात. सारंगखेड्याला दत्तजयंतीला घोडे, माळेगावला खंडोबाच्या यात्रेत घोड्यांपासून गाढवांपर्यंत सगळं. या लोकांच्या वर्षाचा हिशेब अशा तिथींवर बेतलेला असतो. जागा आक्रसली तर त्यांना कळतं ते पुढच्या वर्षी, ट्रकमधून सामान उतरवताना.

म्हणून आम्ही यात्रेच्या दिवसांत पालापालांवर जाऊन विचारतो: किती वर्षं येता, जागा कुठली, किती फूट लागते, आधी कोण बसायचं. जबाब लिहून घेतो, सही किंवा अंगठा घेतो. वहिवाट दाखवायला सगळ्यात भक्कम पुरावा ठरतो तो जागाभाड्याच्या जुन्या पावत्यांचा. एका खेळणीवाल्या मावशींनी सासऱ्यांच्या वेळच्या पावत्या प्लास्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवल्या होत्या. ग्रामपंचायतीच्या दप्तरात त्या वर्षांचं काहीच उरलेलं नव्हतं. त्यांच्या छायाप्रती आम्ही तहसीलदारांना दिलेल्या अर्जासोबत लावल्या आहेत. ज्या घरांतून जत्रेला पालं जायची, त्यांनी आपल्या ट्रंका एकदा उघडून बघाव्यात आणि पावती सापडली तर मूळ प्रत कुणालाही न देता छायाप्रत आपल्या तलाठ्याकडे अर्जासोबत द्यावी, पोच घ्यावी.