चिपला वारा लागू देऊ नको

पोरी, सोमवारपासून तू क्रायोस्टॅटवर बसणार म्हणे. पेढे खाल्ले, आता मामाच्या चार गोष्टी ऐकून घे.

स्क्विडच्या, म्हणजे फ्लक्स मोजणाऱ्या तुझ्या अतिसंवाहक लूपच्या, नॉईजचा वारंवारतेनुसार पहिला आलेख काढशील तेव्हा उजवीकडे सगळं सपाट दिसेल आणि डावीकडे, एक हर्ट्झच्या आसपास आणि त्याहून खाली, रेघ चढतच गेलेली दिसेल. हाच तो वन-बाय-एफ नॉईज. तो बघून लगेच चिपला बोल लावू नको, आधी बाहेरचे चोर धर. आमच्या उमेदीत मुंबईच्या लोकल १५०० व्होल्ट डीसीवर धावायच्या. गाडीने वेग घेतला की रुळांतला प्रवाह बदलायचा आणि इकडे आमची रेघ हलायची. मी शेवटची लोकल गेल्यावर मोजायला बसायचो, पहिली गाडी सुटेपर्यंत. आता लोकल २५ हजार व्होल्ट एसीवर गेल्या, पण लिफ्ट आहे, खाली लागणाऱ्या मोटारी आहेत. एकदा दिवसा मोज, एकदा मध्यरात्री, आणि दोन्ही रेघा एकमेकींवर ठेवून बघ.

स्क्रूचंही तसंच. स्टेनलेसला चुंबक लागत नाही, या समजुतीवर मी माझे तीन आठवडे घालवले आहेत. ते स्टील कापताना, आटे पाडताना दाबलं गेलं की त्यात चुंबकी भाग तयार होतो. चिपच्या शेजारी पितळी स्क्रू लाव. शंका असेल तर दोऱ्याला चुंबक टांगून एकेक स्क्रू तपास, पण क्रायोस्टॅटपासून लांब, दुसऱ्या टेबलावर. क्रायोस्टॅटशेजारीच हे केलेलं मी पाहिलंय, म्हणून सांगतो.

बाहेरचे चोर संपले की मग चिपकडे वळ. फ्लक्स बदलत नेला की स्क्विडचं व्होल्टेज लाटेसारखं वरखाली होतं, ते तुला ठाऊक आहे. लाटेच्या उतारावर नॉईज मोज, मग शिखरावर जाऊन मोज. शिखरावर उतार शून्य, म्हणजे फ्लक्स थोडा हलला तरी व्होल्टेजला पत्ता लागत नाही. तिथे नॉईज बसला, तर तो फ्लक्सचाच होता. तिथेही तसाच राहिला, तर लूपमधल्या जंक्शनचा क्रिटिकल करंट किंवा तुझा अॅम्प्लिफायर बघ. अर्ध्या तासाचं काम, पण लोक ते सोडून महिनोन् महिने वाद घालतात.

फ्लक्सचाच निघाला, तर दोन आरोपी उरतात. एक, अडकलेले भोवरे. नायोबियम ९.२ केल्विनला अतिसंवाहक होतं, अॅल्युमिनियम साधारण १.२ ला. त्या क्षणी आजूबाजूला जे चुंबकी क्षेत्र असेल ते भोवऱ्यांच्या रूपाने धातूच्या फिल्ममध्ये अडकू शकतं. एखादा भोवरा दोन जागांमध्ये उड्या मारू लागला की सिग्नल दोन पातळ्यांत टकटक करतो. असं दिसलं तर चिप त्या तापमानाच्या वर नेऊन पुन्हा सावकाश थंड कर. घाई केलीस तर तेच पुन्हा होईल.

दुसरा आरोपी जुना आणि चिवट. १९८७ मध्ये बर्कलीत वेलस्टूड, उर्बिना आणि जॉन क्लार्क यांनी (होय, २०२५ च्या नोबेलमधले तेच क्लार्क) एक केल्विनच्या खाली मोजमापं केली. धातू बदलले, आकार बदलले, तरी एक हर्ट्झला फ्लक्स क्वांटमच्या काही दशलक्षांश भागांच्या आसपासच नॉईज. धातू बदलून आकडा हलत नाही, तर दोष धातूच्या आत कसा असेल? तरीही उत्तराला वीस वर्षं लागली. २००८ मध्ये विस्कॉन्सिनच्या मॅकडरमॉटांच्या गटाने, मार्टिनिस यांच्यासह, दाखवलं की फिल्मच्या पृष्ठभागावर मोकळे स्पिन बसलेले असतात, दर चौरस मीटरला सुमारे ५ × १०^१७. म्हणजे दोन चौरस नॅनोमीटरला एक. तुझ्या चिपवर अशी जत्राच भरलेली असते, आणि ते सगळे आपापल्या सवडीने वर-खाली उलटत असतात.

हे स्पिन आले कुठून? कॉलेजात द्रव ऑक्सिजन चुंबकाच्या दोन टोकांमध्ये लोंबकळताना दाखवला असेल. ऑक्सिजनच्या रेणूत दोन इलेक्ट्रॉन जोडीशिवाय असतात, म्हणून तो चुंबकी. २०१६ मध्ये त्याच विस्कॉन्सिनच्या मंडळींनी इतरांसोबत बोट ठेवलं ते पृष्ठभागाला चिकटलेल्या या साध्या हवेतल्या ऑक्सिजनवर. निर्वात सुधारला, पृष्ठभागाला अमोनियासारखे उपचार केले, तेव्हा नॉईजची पॉवर एक पंचमांशापर्यंत उतरली. सगळं ऑक्सिजनवर ढकलू नको मात्र. २०१७ मध्ये अॅल्युमिनावर अणुरूप हायड्रोजनचे स्पिनही सापडले. तापवून काही स्पिन घालवता येतात, पण जंक्शन असलेली चिप तापवली की क्रिटिकल करंट सरकतो, तेव्हा ज्याची चिप त्याला विचारून.

आता आराखडा काढताना जिथे सगळे अडतात ते सांगतो. तार अरुंद केलीस तर भोवऱ्याला जागा मिळत नाही, पण प्रवाह दाटतो आणि पृष्ठभागावरचा प्रत्येक स्पिन लूपला जास्त जाणवतो. रुंद केलीस तर स्पिनचा त्रास कमी, भोवरे आत. मग किती रुंद? फ्लक्स क्वांटमला चुंबकी क्षेत्राने भाग आणि वर्गमूळ घे. मुंबईत पृथ्वीचं क्षेत्र साधारण ४० मायक्रोटेस्ला, त्यात सात मायक्रोमीटर येतात. म्यू-मेटलच्या डब्याने तेच एक मायक्रोटेस्लावर आणलंस तर पंचेचाळीस. म्हणून मी म्हणतो, पैसे आधी डब्यावर घाल. डबा चांगला असेल तर तार रुंद ठेवता येते, आणि लूपचा घेर हवा तेवढाच, उगाच लांबण नको. ज्यांची वारंवारताच फ्लक्सवर झुलते त्या क्यूबिटवाल्यांनाही हेच लागू.

आणि चिपला बाळंतिणीसारखं जप, वारा लागू देऊ नको. डबीतून काढून टेबलावर ठेवून चहाला जाऊ नको. बसवलीस की खोलीच्या तापमानालाच रात्रभर पंपाला लाव, हेलियमने गळती तपास, मगच थंड कर. गळती राहिली तर आत शिरलेला ऑक्सिजन थंड जागांवर जाऊन बसतो, आणि तुझी चिपही त्यातलीच एक जागा असते.

वहीत एक रकाना वाढव: चिप हवेत किती तास होती. आमच्या वह्यांत तो नव्हता. एकाच वेफरच्या दोन चिपा वेगळ्या का वागतात म्हणून आम्ही दोन वर्षं डोकं खाजवत होतो, आणि त्यातली एक दिवाळीच्या सुट्टीत उघड्या डबीत कपाटात पडून होती.