तेरावा अंक

ऑक्टोबर १९३७ मध्ये अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहरी ‘इमॅजिनेशन!’ या नावाचे एक लहानसे मासिक निघू लागले. इमॅजिनेशन म्हणजे कल्पनाशक्ती. पुढील उद्गारचिन्ह हा त्या नावाचाच भाग होता. ऑक्टोबर १९३८ मध्ये मासिकाने एक वर्ष पुरे केले आणि त्याचा तेरावा अंक बाहेर पडला. वर्षपूर्तीचा हा अंकच त्याचा अखेरचा अंक ठरला. अवघ्या तेरा अंकांच्या या मासिकाची आठवण आजही आदराने काढली जाते, याचे कारण पाहण्याजोगे आहे.

हे मासिक कोणा प्रकाशकाचे नव्हते. ते विज्ञानकथांच्या चाहत्यांनी स्वतः चालविले होते. १९२६ मध्ये ह्यूगो गर्न्सबॅक यांनी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे केवळ विज्ञानकथांना वाहिलेले मासिक काढले. त्यात वाचकांची पत्रे त्यांच्या पूर्ण पत्त्यांसह छापली जात. ही गोष्ट क्षुल्लक वाटते, परंतु तिचे फळ मोठे होते. दूरदूरच्या गावी एकटेच वाचीत बसलेले तरुण त्या पत्त्यांवर एकमेकांना पत्रे लिहू लागले. पुढे त्यांची मंडळे झाली आणि १९३० पासून त्यांची स्वतःची हस्तनिर्मित मासिकेही निघू लागली. लॉस एंजेलिसचे मंडळ १९३४ मध्ये स्थापन झाले. दर गुरुवारी सायंकाळी क्लिफ्टन नावाच्या उपाहारगृहात त्याची बैठक भरे. ते दिवस आर्थिक मंदीचे होते. सभासदांपैकी अनेकांचे खिसे रिकामे असत. त्या उपाहारगृहाचा मालक गिऱ्हाइकाने ऐपतीप्रमाणे द्यावे असे म्हणे, हे त्यांचे भाग्यच!

अशा मंडळींना छापखाना कोठून परवडणार? त्यांनी सायक्लोस्टाइलचा आश्रय घेतला. टंकलेखनयंत्राची फीत बाजूस सारून मेणकागदावर अक्षरे उमटविली, की जेथे आघात होई तेथे शाई झिरपण्यास वाट होई. तो कागद शाईने भरलेल्या नळकांड्यावर ताणून बसवावयाचा आणि दांडा फिरवीत एकेक पान काढावयाचे. एक अक्षर चुकले तर ते बुजवून पुन्हा उमटवावे लागे. पाने वाळवणे, क्रमाने लावणे, टोचणे, तिकिटे चिकटविणे, सारे घरीच चाले. आपल्याकडील शाळांच्या प्रश्नपत्रिकाही एके काळी याच रीतीने निघत, हे वडीलधाऱ्यांना आठवत असेल. फॉरेस्ट ॲकरमन, मोरोजो हे टोपणनाव धारण करणाऱ्या मर्टल डग्लस आणि ब्रूस येर्की ही या मासिकाची संपादक मंडळी. त्यांना यात द्रव्यलाभ होण्याचा प्रश्नच नव्हता.

जानेवारी १९३८ च्या अंकात रे ब्रॅडबरी नावाच्या सतरा वर्षांच्या विद्यार्थ्याची कथा आली. ही त्याची छापून आलेली पहिली कथा. ती वाचकांना फारशी रुचली नाही, आणि खरे सांगावयाचे तर ती सामान्यच होती. मोठ्या मासिकाने ती परत पाठविली असती. येथे मात्र तिला जागा मिळाली. तो पुढे लिहीत राहिला.

शाळा संपल्यावर महाविद्यालयात जाण्याइतका पैसा घरी नव्हता. ब्रॅडबरी रस्त्याच्या कोपऱ्यावर वृत्तपत्रे विकू लागला आणि आपले शिक्षण त्याने सार्वजनिक ग्रंथालयांत केले. ‘इमॅजिनेशन!’ बंद पडल्यावर १९३९ मध्ये त्याने ॲकरमन यांच्या पैशाच्या मदतीने ‘फ्युचुरिया फँटेशिया’ हे स्वतःचे नियतकालिक काढले. त्याचे चारच अंक निघाले. त्यातील एका अंकात त्याची ‘द पेंड्युलम’ ही कथा होती. तीच कथा त्याने पुढे हेन्री हॅस या लेखकासह नव्याने लिहून काढली, आणि १९४१ मध्ये ती एका व्यावसायिक मासिकाने मोबदला देऊन छापली. लेखणीने मिळविलेली त्याची ही पहिली कमाई होय. ‘फॅरेनहाइट ४५१’ या कादंबरीमुळे १९५३ नंतर त्याचे नाव जगभर झाले.

‘इमॅजिनेशन!’मधील वाचकांच्या पत्रांचा भाग मात्र मासिकाबरोबर संपला नाही. ॲकरमन आणि मोरोजो यांनी त्याचेच एक स्वतंत्र नियतकालिक केले आणि ते १९४७ पर्यंत चालले.

विज्ञानकथांसाठी दिला जाणारा ह्यूगो पुरस्कार गर्न्सबॅक यांच्या नावाने १९५३ मध्ये सुरू झाला. त्यापूर्वीच्या काही वर्षांचे पुरस्कार मागाहून देण्याची प्रथा नंतर पडली. त्याप्रमाणे २०१४ मध्ये लंडन येथील जागतिक संमेलनात १९३८ मधील लेखनाचा विचार झाला. सर्वोत्तम चाहता-मासिकाचा मान ‘इमॅजिनेशन!’ला मिळाला, आणि सर्वोत्तम चाहता-लेखक म्हणून ज्याची निवड झाली, तो रे ब्रॅडबरी होता. मोरोजो १९६४ मध्ये, ॲकरमन २००८ मध्ये आणि ब्रॅडबरी २०१२ मध्ये निवर्तले होते.