रडरवरचे पाय

१. मी एअरबस ए३२० उडवतो पोटासाठी आणि सुट्टीत सेसना १७२ उडवतो ती मनासाठी. "खरं विमान कुठलं?" असं लोक विचारतात. दोन्ही खरी. पण उतरताना सेसनाचा वेग ६५ नॉट आणि एअरबसचा १४०च्या आसपास. त्यामुळे एअरबसमध्ये बरंचसं लँडिंग मैलोन्‌मैल आधी डोक्यातच करावं लागतं. सेसनात ते शेवटपर्यंत हातापायांत असतं.

२. इंधन डोळ्यांनी बघा. सेसनाच्या पंखाखाली वाकून पारदर्शक कपात थोडं पेट्रोल काढायचं आणि उजेडाकडे धरायचं. रंग निळसर हवा. पाणी असेल तर तळाशी वेगळा थेंब लकाकतो. एका पावसाळ्यानंतर तो मला दिसला. तीनदा काढूनही थांबेना, तेव्हा विमान तिथंच ठेवून घरी आलो. तेव्हापासून एअरबसच्या पडद्यावरचा इंधनाचा आकडाही मी भरलेल्या लिटरांशी ताडून पाहतो.

३. छंदाचं उडणं वाया जात नाही. २३ जुलै १९८३ ला एअर कॅनडाच्या बोइंग ७६७ मध्ये इंधन मोजताना किलो आणि पौंडांचा घोळ झाला आणि ४१ हजार फुटांवर इंधन संपू लागलं. थोड्याच वेळात दोन्ही इंजिनं बंद. कॅप्टन बॉब पियर्सन हौसेनं ग्लायडर उडवणारे. गिमलीच्या जुन्या धावपट्टीपाशी पोचले तेव्हा उंची जास्त होती आणि उतरताना वेग कमी ठेवणारे पंखांचे फ्लॅप मिळत नव्हते. त्यांनी पायानं शेपटीचं रडर एकीकडे, हातानं पंखांवरचं एलेरॉन दुसरीकडे असं दाबून विमान तिरकं घसरवत उंची कमी केली. प्रवासी विमानात असं कोणी करत नाही. सगळे वाचले. हे वाचलं की माझे पाय आपोआप रडर शोधतात.

४. सेसनात एकटा असलो तरी चेकलिस्ट मोठ्यानं वाचतो. चूक पकडणारा सहवैमानिक शेजारी नसतो.

५. हाताच्या सवयी मात्र विमानागणिक बदलाव्या लागतात. एअरबसचं नाक साधारण तीस फुटांवर उचलायला लागतो. दोन महिने तेच केल्यावर सेसनातही मी तसाच लवकर उचलत गेलो. वेग संपला आणि विमान दणकन खाली बसलं. शेजारचे शिक्षक म्हणाले, "कॅप्टनसाहेब, जमीन अजून खाली होती." सुदैवानं चाकांना काही झालं नाही. आता मोठ्या खंडानंतरच्या पहिल्या फेरीला मी त्यांना सोबत घेतल्याशिवाय इंजिन सुरू करत नाही.