खाणीच्या ढिगावरील हिरवळीचा हिशेब

शेत विकत घ्यावयाचें झाल्यास आपण आधीं त्याची मोजणी करतों व कस पाहतों. परंतु खाणीनें उलथून टाकलेली भूमि सुधारली कीं नाहीं हें ठरवितांना मात्र आपण दुरून एक दृष्टिक्षेप टाकतों, आणि "आतां सारें हिरवें झालें" असें म्हणून मोकळे होतों. हा निर्णय किती फसवा असूं शकतो व तो नीट कसा करावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

गोव्यांतील डिचोली, सत्तरी, सांगे व केपें या तालुक्यांत लोखंडाच्या खनिजाच्या खाणी आहेत. त्या भुयारें खणून चालवीत नाहींत. वरचें रान तोडून, जांभा दगड व माती काढून उघडा खड्डा करतात. एक टन खनिज हातीं यावें म्हणून सुमारें अडीच ते तीन टन टाकाऊ माती व दगड उपसावे लागतात. हें सारें जवळच रचलें जातें व त्याचे टेकडीएवढे ढीग होतात. त्यांस खाणींवरील लोक 'डंप' म्हणतात. २०१८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गोव्यांतील ८८ खाणपट्ट्यांचें नूतनीकरण रद्द केलें व खनन थांबलें. पुढें लिलाव होऊन कांहीं पट्टे पुन्हां देण्यांत आले. पण खाण चालो वा थांबो, ढीग जागच्या जागीं राहतात. मृगाचा पाऊस लागला म्हणजे त्यांची तांबडी माती ओहोळांतून वाहत येऊन पायथ्याच्या भातशेतांत बसते. म्हणून ढिगावर काय उगवतें हा केवळ शास्त्राचा प्रश्न नव्हे. तो शेतकऱ्याच्या घासाचा प्रश्न आहे.

ढिगावरची माती भूमीच्या पोटांतून आलेली असते. तींत पालापाचोळा कुजून झालेला काळा अंश नसतो. नत्र व स्फुरद अल्प असतात, आणि ओल फार काळ टिकत नाहीं. अशा जागीं लवकर वाढतें म्हणून ऑस्ट्रेलियांतून आणलेलें आकेशियाचें झाड पुष्कळ ठिकाणीं लावण्यांत आलें. हें झाड मुळांवरील गांठींत राहणाऱ्या सूक्ष्म जंतूंच्या साह्यानें हवेंतील नत्र मिळवितें, व थोड्याच वर्षांत ढीग हिरवा दिसूं लागतो. हा त्याचा उपकार नाकारतां येत नाहीं. परंतु त्याचा पाला सावकाश कुजतो, त्याचा जाड थर सांचतो व त्याखालून दुसऱ्या रोपांस वर येणें कठीण जातें. शिवाय मोकळ्या जागेंत रानमोडी व घाणेरी हीं अमेरिकेंतून आलेलीं झुडपें शिरतात. तींही दुरून हिरवींच दिसतात!

डोळा फसतो ही गोष्ट अमेरिकेंतील नेब्रास्का प्रांताचे वनस्पतिशास्त्रज्ञ रॉस्को पौंड व फ्रेडरिक क्लेमेंट्स यांनीं १८९८ सालीं दाखवून दिली. माळरानावर कोणती वनस्पति किती आहे याचा अंदाज त्यांनीं आधीं नजरेनें केला होता. पुढें त्यांनीं ठराविक मापाच्या चौकटी आंखून त्यांतील एकेक रोप मोजलें, तेव्हां आपला अंदाज चुकला होता असें त्यांस आढळलें. ही चौकटीची रीत आजही सर्वत्र वापरतात.

ती रीत अशी. प्रथम ढिगाचे माथा, उतार व पायथा असे भाग पाडावे, आणि तुलनेसाठीं जवळच्या न खणलेल्या रानाचाही एक भाग घ्यावा. प्रत्येक भागांत चौकटी आंखाव्या: गवत व लहान रोपांसाठीं १ मीटर लांबरुंद, झुडपांसाठीं ५ मीटर, वृक्षांसाठीं १० मीटर. चौकट कोठें आंखावयाची हें चिठ्ठ्या टाकून ठरवावें. नाहीं तर आपला हात नकळत दाट जागेकडेच वळतो. मग प्रत्येक जातीचीं रोपें मोजावीं, व तिनें जमिनीचा कितवा हिस्सा झांकला आहे तें लिहावें. २० चौकटींपैकीं १५ चौकटींत एखादी जात सांपडली, तर तिची वारंवारता शेंकडा ७५ झाली. पावसाळ्याच्या अखेरीस एकदां व उन्हाळ्यांत एकदां मोजणी करावी, कारण आश्विनांत दिसणारें गवत चैत्रांत उरत नाहीं. चौकटींस खुंट्या ठोकून ठेवाव्या, म्हणजे पुढल्या वर्षीं तीच जागा पुन्हां मोजतां येते.

समजा, रस्त्यावरून सारखेच हिरवे दिसणारे दोन ढीग आहेत. पहिल्यावर वृक्षांच्या प्रत्येक चौकटींत केवळ आकेशिया आहे व त्याखालीं दुसऱ्या जातीचें एकही रोप नाहीं. दुसऱ्यावर वृक्ष थोडे आहेत. पण त्यांखालीं करवंद, धायटी व उक्षी आहे, आणि किंदळ व ऐन यांचीं वीतभर रोपें आपोआप उगवलीं आहेत. शेजारच्या रानाच्या यादीशीं ताडून पाहतांच कळतें कीं, पहिल्या ढिगास हिरवें वस्त्र मिळालें आहे. दुसऱ्याकडे मात्र रान परत येऊं लागलें आहे. हा भेद लांबून पाहणाऱ्यास कळत नाहीं. गुडघे टेंकून मोजणाऱ्यास कळतो.

ताज्या ढिगाचा उतार निसरतो. म्हणून परवानगी व वडील माणूस यांवांचून विद्यार्थ्यांनीं तेथें जाऊं नये. परंतु अभ्यास शाळेच्या आवारांतही होतो. चार खुंट्या व चार मीटर सुतळी घ्या; एक चौकट खेळाच्या मैदानावर व दुसरी कुंपणाजवळ आंखा, आणि दोहोंतील जाती मोजा. पायांखालीं तुडविलेली व न तुडविलेली भूमि यांतील अंतर वहींत उतरेल. पालकांनींही एखाद्या सायंकाळीं ती वही पाहावी.

शुभवर्तमानांतील धन्यानें आपल्या कारभाऱ्याजवळ हिशेब मागितला, ही कथा आपण ऐकली आहे. भूमीही आपल्या मालकीची नव्हे. ती आपल्या हातीं सोंपविलेली आहे. तिच्या पोटांतून जें काढलें तें टनांनीं मोजून घेतलें. तर तिला जें परत दिलें तेंही रोपारोपानें मोजून दाखविणें हें आपलें कर्तव्य आहे.