जावाची शिकवणी आणि शिक्षकाची पारख



गणिताच्या शिकवणीसाठी शिक्षक पाहावयाचा झाल्यास आपल्या वडीलधाऱ्यांना फारसा विचार करावा लागत नाही. गणित त्यांनी स्वतः केलेले असते. मुलाच्या वहीवरून नजर फिरविली की मास्तर कसे शिकवितात हे त्यांना उमगते. संगणकाच्या भाषेची गोष्ट निराळी आहे. तेथे पुष्कळदा घरात कोणालाच विषय ठाऊक नसतो. मग शिक्षकाची पदवी, त्याच्या नोकरीचा थाट आणि बोलण्यातील सफाई एवढ्यावरच निवड होते, पैसा खर्च होतो, वर्ष निघून जाते, आणि मुलाला परीक्षेच्या दालनात बसल्यावर कळते की आपल्याला स्वतःहून चार ओळीही लिहिता येत नाहीत.

हा प्रश्न आपल्यापासून दूरचा आहे असे समजू नये. आपल्यापैकी कित्येकांची आते-मामे भावंडे न्यू जर्सी किंवा कॅलिफोर्नियातील हायस्कुलांत शिकत आहेत. तिकडचे काका किंवा मावशी इकडे अभियंता झालेल्या भाच्याला विचारतात, ‘‘अरे, आमच्या मुलाला आठवड्यातून दोन तास जावा शिकवशील का?’’ तेव्हा आज हा लेख वाचणाऱ्यांपैकी कोणी उद्या शिकणारा असेल, तर कोणी शिकविणाराही असेल.

ही परीक्षा कोणती, ते प्रथम पाहू. अमेरिकेत कॉलेज बोर्ड ही संस्था ‘ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट’ नावाच्या परीक्षा घेते. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा अभ्यास हायस्कुलातच करावयाचा, मे महिन्यात परीक्षा द्यावयाची, आणि एक ते पाच या श्रेणीत चांगला गुणांक मिळाल्यास अनेक विद्यापीठांत तेवढ्या अभ्यासातून सूट मिळवावयाची, अशी ही योजना आहे. संगणकशास्त्राची परीक्षा १९८४ साली सुरू झाली, तेव्हा तिची भाषा पास्कल होती. १९९९ पासून सी प्लस प्लस आली, आणि २००४ पासून जावा. सन मायक्रोसिस्टिम्स या कंपनीत जेम्स गॉस्लिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी सिद्ध केलेली ही भाषा १९९५ साली जगापुढे आली होती. म्हणजे अवघ्या नऊ वर्षांत ती शाळेत पोहोचली. आपल्या देशातही आय.एस.सी. या बारावीच्या परीक्षेत संगणकशास्त्रासाठी जावाच योजिलेली आहे.

मे २०२६ पासून या अमेरिकन परीक्षेचे रूप असे आहे : दीड तासात बेचाळीस बहुपर्यायी प्रश्न, त्यांना पंचावन्न टक्के वजन, पुढील दीड तासात चार प्रश्नांची उत्तरे स्वतः आज्ञावली लिहून द्यावयाची, त्यांना पंचेचाळीस टक्के. परीक्षा संगणकावर होते. पण येथेच खरी मेख आहे. त्या पडद्यावर उत्तर टंकलिखित करता येते, परंतु आज्ञावली चालवून पाहता येत नाही. चूक दाखविणारा कंपायलर तेथे नसतो. आय.एस.सी.च्या प्रात्यक्षिकातही विद्यार्थ्याला आधी कागदावर कृतिक्रम व आज्ञावली लिहावी लागते. यंत्र पुढे येते ते त्यानंतर. तात्पर्य, यंत्राचे काम डोक्यात चालविता येणे, हेच या दोन्ही परीक्षांचे मर्म आहे. शिक्षकाची पारखही त्याच कसोटीवर करावी, असे माझे मत आहे.

ती कशी करावी, हे एका उदाहरणाने सांगतो. समजा, जावाच्या ‘ॲरेलिस्ट’मध्ये ५, ५, ८, ५ असे चार अंक क्रमाने ठेवले आहेत. त्यांतील सर्व पाच काढून टाकावयाचे आहेत. विद्यार्थी सहज असे लिहितो : शून्य क्रमांकापासून आरंभ करावा, प्रत्येक वेळी क्रमांक एकाने वाढवावा, यादीची लांबी संपेपर्यंत जावे, आणि त्या जागी पाच आढळल्यास तो काढावा. वाचताना यात काही वावगे दिसत नाही. प्रत्यक्षात यादीत शेवटी ५ आणि ८ उरतात. असे का व्हावे?

प्रार्थनेच्या रांगेची कल्पना करा. मास्तर रांगेच्या पुढून मागे एकेक पाऊल टाकीत जात आहेत आणि गणवेश नसलेल्या मुलांना बाजूला काढीत आहेत. एक मुलगा बाहेर निघाला की मागची सारी मुले एकेक पाऊल पुढे सरकतात. त्याच वेळी मास्तरही पाऊल टाकून मोकळे झालेले असतात. अर्थात रिकाम्या जागी जो मुलगा आला तो तपासला जातच नाही. यादीत नेमके हेच घडते. शून्य क्रमांकाचा पाच निघाला, यादी ५, ८, ५ झाली. परंतु गणक एकवर गेला, तेथे ८ आहे. दुसऱ्या क्रमांकावरचा शेवटचा पाच निघतो, आणि पहिल्या जागेवरचा पाच सुखरूप राहतो.

आता हीच सदोष आज्ञावली घेऊन होऊ घातलेल्या शिक्षकाकडे जावे आणि ते काय करतात हे पाहावे. एक शिक्षक ताबडतोब सांगतील, ‘‘यादीच्या शेवटाकडून सुरुवात कर, म्हणजे झाले.’’ उत्तर बरोबर आहे. शेवटाकडून आल्यास जी मुले सरकतात ती आधीच तपासलेली असतात. पण विद्यार्थ्याच्या हाती केवळ एक तोडगा आला. दुसरे शिक्षक कळफलक स्वतःकडे ओढून घेतील, दोन मिनिटांत शुद्ध आज्ञावली लिहून देतील आणि ‘‘समजले ना?’’ असे विचारतील. मूल ‘‘हो’’ म्हणेल. मुले ‘‘हो’’च म्हणतात. तिसरे शिक्षक कागद पुढे करतील, त्यावर गणक, लांबी आणि यादी असे तीन रकाने आखावयास लावतील, व प्रत्येक फेरीत काय पालटले ते विद्यार्थ्याच्याच हाताने लिहवून घेतील. तिसऱ्या ओळीला मुलगा स्वतःच थबकतो. हा शिक्षक अधिक फी मागत असला तरी घ्यावा, आणि पहिले दोघे फुकट शिकवीत असले तरी त्यांचे आभार मानून परत यावे.

मोठ्या कंपनीत वर्षानुवर्षे जावा लिहिणारा अभियंता हा आपोआपच चांगला शिक्षक ठरतो, हा समज मला मान्य नाही. त्याच्या कामातील जावा फार पुढे गेलेली असते. तो सवयीने दोन ओळींत काम उरकतो. पण त्या दोन ओळींच्या पोटात कोणते लूप फिरत आहे हे सांगण्याची वेळ त्याच्यावर कित्येक वर्षांत आलेली नसते. सात भागिले दोन केल्यास दोन्ही पूर्णांक असल्यामुळे उत्तर तीन येते, साडेतीन येत नाही, हे सांगावयाचे असते हेसुद्धा तो विसरलेला असतो. याच्या उलट, महाविद्यालयात पहिल्या-दुसऱ्या वर्षाला असलेला, आपल्या चुका अजून ताज्या असलेला विद्यार्थी कधी कधी फार उत्तम शिकवितो. अर्थात, हा नियम नव्हे. कसोटी दोघांनाही तीच लावावी.

दुसरी पारख अभ्यासक्रमाच्या माहितीची. २०१४ पर्यंत या परीक्षेत ‘ग्रिडवर्ल्ड’ नावाचा एक नमुना अभ्यासावा लागे. जो शिक्षक आजही त्यावरील प्रश्नसंग्रह पुढे ठेवतो, त्याने मधल्या काळात अभ्यासक्रम उघडलेला नाही हे उघड आहे. २०२५-२६ च्या वर्षापासून तर आणखी बदल झाले. एका वर्गाने दुसऱ्याचे गुणधर्म वारशाने घेणे, ज्याला ‘इनहेरिटन्स’ म्हणतात, तो भाग वगळला गेला; मजकुराच्या फाइलीतून माहिती वाचून घेणे हा भाग नव्याने आला; स्वतःलाच हाक मारणारी पद्धती, म्हणजे ‘रिकर्शन’, लिहावी लागत नाही, मात्र ती काय उत्तर देईल हे सांगता आले पाहिजे. शिक्षकाला पहिल्याच भेटीत विचारावे, ‘‘या वर्षी इनहेरिटन्स आहे का हो?’’ उत्तरावरून पुष्कळ कळते.

गुण कसे देतात, तेही त्यांना ठाऊक हवे. कॉलेज बोर्ड लेखी प्रश्न व त्यांच्या गुणदानपत्रिका दर वर्षी प्रसिद्ध करते आणि त्या कोणासही विनामूल्य पाहता येतात. २०२५ पर्यंतच्या या पत्रिकांत एक मौजेची गोष्ट आढळते. आशय स्पष्ट असेल तर एखादा अर्धविराम राहिल्याबद्दल गुण कापीत नाहीत. पण ॲरेची चौकोनी कंसाची रीत ॲरेलिस्टला लावल्यास गुण जातो. कारण ती हाताची चूक नसून समजुतीची आहे. जे शिक्षक तासभर अर्धविरामांवर रागावतात आणि ही दुसरी चूक पाहूनही पुढे जातात, त्यांनी पत्रिका वाचलेली नसावी.

भाषेसंबंधी दोन शब्द लिहिणे आपल्या शाळेच्या अंकात अप्रस्तुत होणार नाही. जावाचे आरक्षित शब्द इंग्रजी आहेत, ते तसेच लिहावे लागतात. पण विचार इंग्रजीत केला पाहिजे असे काही नाही. फार काय, जावामध्ये चलाचे नाव देवनागरीतही देता येते. ‘बेरीज’ किंवा ‘सरासरी’ हे नाव कंपायलर निमूट स्वीकारतो. परीक्षेत कोणी तसे करू नये, कारण तपासणाऱ्यास ते वाचता येणार नाही. परंतु ‘जोपर्यंत यादी संपत नाही तोपर्यंत’ असे मराठीत मोठ्याने म्हणून मग ओळ लिहिणारा विद्यार्थी मार्गावरच आहे, आणि त्याला तसे म्हणू देणारा शिक्षकही.

एका गोष्टीत मात्र सवलत नसावी. शाळेने घरी करावयास दिलेली आज्ञावली शिक्षकाने लिहून द्यावी, अशी मागणी पुष्कळ पालक आडून करतात आणि काही शिक्षक ती पुरवितात. हल्ली तर मनुष्याचीही गरज उरलेली नाही. संभाषण करणारी यंत्रे विचारताच पूर्ण उत्तर लिहून देतात. शाळेची फसवणूक होते ती निराळीच. परंतु मे महिन्यातील त्या दीड तासात शेजारी शिक्षकही नसतो आणि यंत्रही नसते. त्यापेक्षा अडल्या जागी खूण करून अपुरी वही घेऊन जाणे बरे. चांगला शिक्षक पहिल्यांदा तीच खूण शोधतो.

शिकवणी परवडत नसल्यास निराश होण्याचे कारण नाही. ‘सीएसऑसम’ हे या अभ्यासक्रमाचे पाठ्यपुस्तक आणि ‘कोडिंगबॅट’ हा छोट्या प्रश्नांचा संग्रह, दोन्ही इंटरनेटवर विनामूल्य आहेत. ती वापरून स्वतः अभ्यास करावा आणि अडलेले प्रश्न साठवून महिन्यातून एक-दोन वेळाच जाणत्या माणसाकडे जावे. आठवड्याला तीन तास ऐकत बसण्यापेक्षा मी यालाच अधिक पसंती देईन.

शेवटी व्यवहाराच्या बाबी. ज्याच्या शाळेत हा विषय नाही, त्यालाही दुसऱ्या शाळेमार्फत परीक्षेस बसता येते. पण शाळा आपली मागणी आदल्या नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत नोंदवितात, म्हणून चौकशी सप्टेंबरातच करावी. आणि इकडून तिकडच्या भावंडास शिकविणाऱ्याने घड्याळ सांभाळावे. न्यू जर्सीतील रात्रीचे आठ म्हणजे हिवाळ्यात आपल्याकडील दुसऱ्या दिवशीचे सकाळचे साडेसहा. मार्चच्या दुसऱ्या रविवारी तिकडची घड्याळे एक तास पुढे जातात. तेव्हापासून परीक्षेपर्यंत तोच तास आपल्याकडे पहाटे साडेपाचला भरेल.