भुईआवळीचे फूल आणि कॅमेरा : द्रव्यनिश्चितीसाठी निकटचित्रण

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील पहिल्याच अध्यायात, शेळ्यामेंढ्या राखणारे, गुराखी व वनवासी लोक औषधींना नामरूपाने जाणतात, मात्र तेवढ्याने त्यांचा योग जाणला असे होत नाही, अशा आशयाचे विवेचन आहे. आज आपली स्थिती नेमकी उलट झाली आहे. योग आपणांस मुखोद्गत असतो. रूप मात्र पोत्यातील चुऱ्यापुरते उरले आहे.

दोन वर्षांपूर्वी भाद्रपदात प्रस्तुत लेखकाकडे भुईआवळी पंचांगाचे एक पोते आले. माल ताजा वाळवलेला होता, तरी काही फळे खरखरीत लागली. शंका आली म्हणून चिकित्सालयातील स्वतः काढलेले भुईआवळीचे छायाचित्र उतरवून शेजारी ठेवले. छायाचित्र देखणे होते. हिरवीगार फांदी, मागे धूसर पार्श्वभूमी, पानावर दवबिंदू. परंतु त्यावरून काहीच ठरवता येईना, कारण ते वरून घेतलेले होते आणि भुईआवळीची फुले-फळे असतात पानांच्या खालच्या बाजूस! ते पोते परत पाठविले. छायाचित्र त्याच दिवशी भिंतीवरून काढून टाकले.

ही शंका क्षुल्लक नव्हे. भारतीय आयुर्वेदिक औषधिकोशात तामलकी म्हणून फायलँथस फ्रॅटर्नस ही जाती दिलेली आहे. तिच्याशी अत्यंत साम्य असलेली फायलँथस अमारस ही जाती बाजारात सर्रास येते. दक्षिण भारतातील बाजारात या नावाखाली अनेक जाती मिसळलेल्या आढळतात, असे दाखविणारा अभ्यास 2010 मध्ये प्रसिद्ध झाला आहे. भेद सूक्ष्म आहेत. अमारसच्या फुलास पाच परिदले असतात, फ्रॅटर्नसच्या सहा. फळे दोहोंची गुळगुळीत व देठयुक्त. युरिनारियाची परिदलेही सहाच, परंतु फळ जवळजवळ बिनदेठाचे व खरखरीत आणि पानाच्या कडेस बारीक राठ केस. मॅडरासपॅटेन्सिसमध्ये पाने मुख्य खोडावरही येतात व तळाशी निमुळती असतात. फूल जेमतेम दोन मिलिमीटरचे, म्हणजे पाच की सहा हे नुसत्या डोळ्यांनी मोजणे कठीण. कामलेच्या रुग्णाला आपण काय दिले, हे या मोजणीवर अवलंबून आहे. निकटचित्रणाचे आपल्या व्यवसायातील प्रयोजन हे असे आहे.

आपल्या आष्टा परिसरात पावसाळ्यात उसाच्या सरीत व बांधावर भुईआवळी विपुल उगवते. सरावास याहून चांगली वनस्पती नाही. सकाळी वारा पडलेला असताना जावे. फांदी हळूच उलटी करून पांढऱ्या कागदावर टेकवावी, शेजारी मिलिमीटरच्या खुणांची पट्टी ठेवावी. पट्टीवाचूनचे चित्र वैद्याच्या उपयोगाचे नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. कॅमेऱ्यावर फुलाचे चिन्ह असलेली निकटचित्रणाची सोय निवडावी. मोबाईलमध्येही आता ती बहुधा असते, नसल्यास चिमटीने बसणारे छोटे भिंग मिळते.

येथे बहुतेकांची अडचण होते ती खोलीची. वस्तू जितकी जवळ, तितका स्पष्ट दिसणारा थर पातळ. फुलाएवढीच प्रतिमा संवेदकावर पडत असेल तर हा थर एक मिलिमीटरच्या आसपास किंवा त्याहूनही कमी राहतो. म्हणून फूल व फळ कॅमेऱ्याच्या पातळीशी समांतर ठेवावे, छिद्र लहान करावे (एफ-8 ते एफ-11), आणि त्यामुळे प्रकाश कमी पडतो म्हणून तिपाई वापरावी. तिपाई नसेल तर विटेवर वाळूची पिशवी ठेवली तरी काम भागते. हाताने बटण दाबताना धक्का बसतो. दोन सेकंदांचा विलंब लावावा. फ्लॅश टाळावा, त्याने लव चकाकते व कडा नाहीशा होतात. भर उन्हात पांढऱ्या पातळ धोतराचा तुकडा वर धरला की सौम्य, एकसारखा प्रकाश मिळतो.

एका वनस्पतीची निदान पाच चित्रे असावीत : संपूर्ण रोप, पानाची वरची व खालची बाजू, फूल, फळ, आणि खोड व मूळ. अशोकाचे एकच सुटे पान टिपणाऱ्यांनी लक्षात ठेवावे, की ते पर्णिका असून पान संयुक्त आहे. आसोपालवाचे पान साधे असते. साल विकत घेणाऱ्यास या भेदाची किंमत ठाऊक आहे.

आता संस्करणाविषयी. मूळ चित्र जसेच्या तसे जपून ठेवावे, बदल प्रतीवरच करावेत. कडा कापणे, उजेड कमीअधिक करणे व पांढऱ्या कागदाचा आधार घेऊन रंगसमतोल साधणे, एवढेच ग्राह्य. रंग गडद करणे वर्ज्य. पुष्कळ मोबाईल हिरवा रंग आपणहून गडद करतात. ती सोय बंद करावी. निळ्या फुलांबाबत विशेष जपावे. जुन्या फिल्मवर काही निळी फुले गुलाबीसर उमटत, कारण डोळ्यांना न दिसणारा गडद तांबडा प्रकाश फिल्म टिपत असे. शंखपुष्पी म्हणून विष्णुक्रांता, शंखाहुली व गोकर्ण अशी निरनिराळी द्रव्ये प्रांतोप्रांती वापरली जातात. तेथे निळा की पांढरा हा प्रश्न संगणकावर सोडवायचा नसतो, जागेवरच वहीत लिहायचा असतो. धार वाढविण्याच्या क्रियेनेही कडेभोवती उजळ रेघ उमटते व ती लवेसारखी भासते. युरिनारियाच्या पानाबाबत ही चूक घात करील. कीड लागलेला ठिपका पुसून टाकू नये. तोही त्या रोपाचा पुरावा आहे.

शेवटी नोंद. चित्राच्या नावात स्थानिक नाव, गाव व दिनांक असावा, आणि त्याच रोपाची वाळवलेली, कागदावर डकविलेली फांदी तोच क्रमांक घालून ठेवावी. परिदले मोजण्यापुरते चित्र पुरते. बियांवरील रेषा पाहण्यास मात्र ती फांदीच काढावी लागते. सर्पगंधेसारख्या दुर्मिळ होत चाललेल्या वनस्पतीचे नेमके ठिकाण चित्रासोबत इतरांना पाठवू नये. मोबाईल ते स्थान चित्रात आपोआप नोंदवतो. पाठविण्यापूर्वी ते काढून टाकावे.